मिटला की मोडणारा चाकू

लोणखेड्याच्या सुपडू लोहाराचं नाव ऐकलं की खानदेशातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे नवं मूल जन्मलं की त्याला सुपात घालून अंगणात ओढतात, शेजारणीला मूठभर दाण्यांवर विकतात, परत विकत घेतात आणि सटवाईनं ढुंकूनही बघू नये असं नाव ठेवतात. सुपडूच्या आईनं हे सगळं केलं आणि पोरगा जगला. चांगला धडधाकट जगला, ऐरणीशी उभा राहिला आणि घडीचे चाकू करण्यात त्यानं असं नाव काढलं की शहाद्याच्या बाजारात चाकू घेणारा आधी तो कानाशी नेऊन उघडून बघायचा. टक् असा आवाज आला तर चाकू सुपडूचा. नुसताच उघडला तर दुसऱ्या कुणाचा तरी.

पोलाद तो मोटारीच्या मोडक्या कमानींचं वापरायचा. त्याच्या चाकूनं केळीचं पान कापावं, कापसाच्या गोणीचा सुतळीचा टाका उसवावा, जनावराच्या खुरातला काटा काढावा, तरी महिनोन्महिने धार उतरत नसे. माणूस साधा होता, पण धारेबद्दल बोलायला लागला की छाती पुढे यायची. आणि या धारेनंच त्याचा घात केला.

बायको कौसाबाई. पहिला मुलगा झाला तेव्हा गावची सुईण जसोदाबाई म्हणाली, लोहाराच्या घरचं बाळंतपण, नाळ लोहाराच्याच लोखंडानं कापायची. सुपडूनं हौसेनं स्वतःच्या हातचा विळा काढून दिला. पाचवीला तोच विळा शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडला, त्याला हळदकुंकू वाहिलं, बाळंतिणीच्या उशाशी ठेवला. दोन दिवसांनी मुलानं दूध सोडलं. जबडा मिटला, अंग धनुकलीसारखं ताणलं, आणि सगळं संपलं. लोक म्हणाले, सटवाईनं ओढून नेलं. दुसरा मुलगा झाला, तोच विळा, तीच पाचवी. पुन्हा मिटलेलं तोंड.

दुसऱ्याला मात्र सुपडूनं बैलगाडीत घालून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी पोराला हात लावून बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "नाळ कशानं कापली?"

"मन्हा हातना विळा शे, साहेब," सुपडू म्हणाला. त्या घटकेलाही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होताच. "केस बी उभा कापस."

"धारेचा प्रश्न नाही, बाबा. हा धनुर्वात आहे. मातीत, शेणात त्याचं विष असतं, डोळ्यांना दिसत नाही. विळ्यावरनं ते नाळेत जातं. पुढच्या वेळी दाढीचं नवं पातं घ्या. कागदातून काढायचं, लगेच कापायचं. नाळेवर राखबिख काही लावायची नाही."

सुपडू पोराला परत घेऊन आला तेव्हा पोर गेलेलं होतं. गाडी सोडायचीही शुद्ध त्याला नव्हती. भिंतीवर विळा टांगलेला होता आणि सुपडूची नजर त्याच्यावर गेली. सटवाईला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आपणच घडवलेलं लोखंड आपल्याच पोरांना खाऊन बसलं, आता शिव्या कुणाला द्यायच्या? त्या दिवसानंतर त्यानं विळा घडवला नाही. गिऱ्हाईक आलं की सांगे, कोळसा संपला.

कौसाबाईला तिसऱ्यांदा दिवस गेले ते नवे पैसे आले त्या साली. सुपडू थेट किशनलाल मारवाड्याच्या दुकानात गेला आणि दाढीच्या पात्यांचं पाकीट मागितलं.

किशनलालनं त्याच्या दाढीचे खुंट वाढलेल्या गालांकडे बघितलं. "दाढी तं तू महिनामा एकदाव करस, सुपडू. पाकीट कसाले? न्हावीनं दुकान टाकाना ईचार शे का?"

सुपडूनं पैसे मोजले. पाकीट घेऊन तो जसोदाबाईच्या दारात गेला. गावातली निम्मी माणसं या बाईच्या हातांवर जगात आलेली, सुपडूसुद्धा. तिनं पाकीट बघितलं आणि हात मागे घेतला.

"हाई न्हावीनी वस्तू, भाऊ. कोनी मरनं म्हंजे डोकं भादराले हाई पातं निघस. अन् तेच मी जनमना घरमा लई जाऊ? मन्हा तोंडमा किडा पडतीन. बायतीनजवय लोखंड लागस, लोखंड. हाई कागदसारखं पातं तिनी काय राखन करी?"

"डॉक्टरनी सांगेल शे, माय."

"डॉक्टरनी कितला बायतपनं कयात?"

सुपडू पाकीट घेऊन वळला. पण लोहार होता, म्हणून दुसरा प्रश्न सुचला. "अन् हाई पातं लोखंडना चाकूमा ऱ्हायनं तं?"

म्हातारी विचारात पडली. "तं मंग ते लोखंडच व्हई गयं," ती म्हणाली.

त्या एका वाक्यावर सुपडूनं सगळी आशा टांगली. आता चाकू असा हवा होता की दिसायला चाकूच, हातात घेतला तर वजनाला लोखंडच, पण कापणारं तोंड मात्र कागदातलं कोरं पातं. तो मिटायला हवा, कारण जसोदाबाई कमरेला पिशवी बांधून शेताशेतातून, नाल्याओढ्यांतून चालत जायची. आणि जादा पाती त्याच्या पोटातच हवीत. पाकीट वेगळं दिलं तर म्हातारी ते घरी विसरणार, नाहीतर मुद्दाम ठेवून जाणार, हे सुपडूला पक्कं ठाऊक होतं.

सांगायला सोपं, पण करताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. दाढीचं पातं कागदासकट मधोमध मोडलं की दोन अर्धुकं मिळतात, एवढं जमलं. पण ते अर्धुकं धरायचं कशानं? चिमटा सैल झाला तर पातं हातात फिरे, घट्ट झाला तर तडकून जाई. छत्रीच्या काडीची कमान करून बघितली, ती मऊ पडली. मोडक्या घड्याळाची कमान लावली, ती इतकी कडक निघाली की पातं उडून गालात रुतलं. मुठीचं पोट पोकळ केलं तर चाकू हलका झाला, आणि म्हातारीला तर वजन हवं. इकडे कौसाबाईचं पोट दिसामासानं वाढत होतं आणि सुपडूला त्या पोटाकडे बघवत नव्हतं. दिवसभर भात्याजवळ बसून तो एकच चाकू मोडायचा आणि घडवायचा. गिऱ्हाइकं कंटाळून परत जात. कौसाबाई एकदा दारात येऊन नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "व्हई ना हो यंदा?" यंदा तरी जगेल ना, एवढंच तिला विचारायचं होतं. सुपडूनं भाता आणखी जोरानं ओढला.

शेवटी जमला. पोलादाचा चिमटा, त्यावर सरकती कडी. मुठीच्या आत लांबट कप्पा, वर पितळी झाकण. झाकण सरकवलं की कागदातलं अर्धुकं बोटाशी येई. मूठ भरीव आणि जड. उघडला की टक्. सुपडूनं तो जसोदाबाईच्या हातात दिला तेव्हा म्हातारीनं उघडून, मिटवून, पुन्हा उघडून बघितला आणि तिचा चेहरा पोटचा मुलगा भेटावा तसा फुलला.

"हाऊ तं मन्हा आंडोर शे, सुपडू. कमरले बांधीसन फिरसु."

आणि खरंच फिरली. कळसाडीच्या एका पाटलाकडे तिला बोलावणं आलं. त्या घरातही मुलं जगत नव्हती. तिथे तिनं नवा चाकू काढला, कोरं पातं लावलं, नाळ कापली. पोर जगलं, बाळसं धरलं, पाटलानं साखर वाटली. सुपडूला ही बातमी कळली तेव्हा कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला. आपण विष बांधून ठेवलं, आता ते बाहेर यायचं नाही, असं त्याला वाटलं. कौसाबाईलाही त्यानं तसं सांगितलं, आणि तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला.

कौसाबाई एका सकाळी मोकळी झाली. मुलगा. रडला तो भात्याच्या आवाजावर. सुपडूनं हातातली सांडस खाली ठेवली आणि भिंतीला टेकून तोही रडला.

पाचवीच्या दिवशी जसोदाबाईनं सूप मांडलं, जमीन सारवली आणि पूजेसाठी पिशवीतला चाकू काढून द्यायला सुपडूला सांगितलं. तो तिच्या पिशवीतून काढून सुपडूनं उघडला. पूजा अजून व्हायची होती. हळदकुंकवाची वाटी अजून झाकलेली होती. आणि चिमट्याच्या सांध्यात, पात्याच्या मुळाशी, कुंकू होतं. वाळलेलं, काळपट.

"माय," सुपडू म्हणाला. "हाई पातं कोनतं शे?"

म्हातारीच्या चेहऱ्यावर अशी माया होती की तिच्यावर कुणाला रागावताही येऊ नये. "वळखं ना? कळसाडीना पाटीलना नातूनं पातं शे हाई! त्यासनी पाचवीले पुजेल शे. कितलं यशनं पातं! म्हनीसन मी ते दुसरं कोनले वापरं नही. पदरथीन पुसं, अन् तुन्ही कौसाकरता कप्पामा जपी ठेवं."

"अन् नवा? नवा व्हतात ना कप्पामा?"

"शेतच ना तठे. पन त्यासनं यश कोनी देखेल शे, भाऊ?"

सुपडूनं झाकण सरकवलं. कागदातली कोरी पाती जशीच्या तशी आत होती. शेणावर ठेवलेलं, कुंकवात माखलेलं, लोकांच्या पाया पडण्यानं पावन झालेलं ते एक पातं तेवढं कामी आलं होतं. तो जसोदाबाईकडे वळला. पण घरात बायका जमल्या होत्या, कौसाबाई लेकराला पदराखाली घेऊन बसली होती आणि पोर चुटूचुटू पीत होतं. त्यानं चाकू सुपात ठेवला आणि बाहेर जाऊन ऐरणीवर बसून राहिला.

त्यानंतर त्यानं जे भोगलं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. घरात सगळी आनंदात होती. एकट्या त्याला माहीत होतं. दर घटकेला तो काही ना काही निमित्त काढून आत जायचा आणि पोराच्या तोंडाकडे बघायचा. तोंड उघडतंय का. ओठ हलतायत का. कौसाबाई हसून म्हणायची, "नजर लाई देशात त्याले." शेवटी न राहवून त्यानं गाडी जुंपली, हवा बरी आहे तोवर दवाखान्यात पोराला दाखवून आणू, अशी काहीतरी थाप मारली. शहाद्याच्या वाटेवरच कौसाबाई म्हणाली, "आयकं का? हाऊ पेत नही." डॉक्टरांनी सुई टोचली, पण त्यांच्या तोंडाकडे बघूनच सुपडूला कळलं. परतताना कौसाबाईनं पोराला कुशीतून सोडलं नाही. गाडीत ती एकच गोष्ट विचारत राहिली, आपलं काय चुकलं. सुपडू बैलांच्या पाठीकडे बघत राहिला.

घरी आल्यावर त्यानं चाकू ऐरणीवर ठेवला आणि घण उचलला. घण तसाच वर राहिला. जसोदाबाईचा राग धरावा तर तिनं काय केलं होतं? तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळ्यात चांगलं तिनं कौसासाठी राखून ठेवलं होतं. सख्ख्या आईनंही तेच केलं असतं. मग चुकलं कुणाचं? त्यानं घण खाली घेतला आणि झाकण सरकवलं. सरकवलं की उघडतं, उघडलं की पातं बाहेर येतं. आणि आतही जातं. जे बाहेर निघतं ते परत आत घालता येतं, असा कप्पा त्यानंच दिला होता. मायेनं चूक करायला जागा ठेवली ती त्यानंच.

हे त्याच्या मनात बसलं आणि पुढची दीड-दोन वर्षं तो माणसांत राहिला नाही. लोक म्हणाले, सुपडूचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. दुसरा चाकू करणं पहिल्याहून कितीतरी अवघड निघालं, कारण आता त्याला कापणारा चाकू नको होता, दुसऱ्यांदा न कापणारा चाकू हवा होता. कप्प्याला त्यानं पोलादाची एक जीभ बसवली. पातं बाहेर सोडी, पण आत जाऊ पाहणाऱ्याला अडवी. तरी समाधान नव्हतं. वापरलेलं पातं चिमट्यातच राहिलं आणि म्हातारीनं तेच पुन्हा वापरलं तर? मग त्यानं मुठीच्या खाचेत एक बारीक गाठ ठेवली, अशा जागी की चाकू मिटताना पातं तिच्यावर आदळावं आणि मोडावं. पातं मोडेना, नुसतं वाकायचं. गाठ उंच केली तर चाकूच मिटेना. कानशीनं एक रेघ घासायची, मिटवून बघायचं, पुन्हा घासायचं. बोटांना इतक्या चिरा पडल्या की कौसाबाई त्याला घास भरवू लागली. तिनं विचारणंच सोडून दिलं होतं.

आणि एक दिवस तो मिटवताना कट् असा आवाज झाला. पात्याचे दोन तुकडे खाचेतून मातीत पडले. ज्या लोहारानं उभ्या आयुष्यात न मोडणारी वस्तू घडवण्यात मोठेपण मानलं, तो त्या दोन तुकड्यांकडे बघून हात जोडून बसला.

जसोदाबाईनं तोवर बाळंतपणं सोडली होती. हाताला यश राहिलं नाही, म्हणायची. सुपडू तिच्या ओट्यावर बसला, चाकू उघडला, कोरं पातं लावलं आणि तिच्या हातात दिला. "मिटाडी देख, माय."

तिनं मिटवला. कट्. तुकडे तिच्या लुगड्यावर पडले. ती दचकली.

"अरे, मोडना हाऊ! बायतीनना घरमा मोडतोड? अपशकून शे हाऊ."

"एकदाव कापं का मोडस, माय. दुसरीदाव कोनलेच वापरता येवाव नही."

ती तुकड्यांकडे बघत राहिली. सुपडूला वाटलं होतं की तिला काही कळू नये, पण म्हातारीनं आयुष्यभर न बोलणाऱ्या बायकांच्या वेदना ओळखल्या होत्या. तिनं लुगड्यावरचा एक तुकडा उचलला.

"म्हंजे ते पातं," ती म्हणाली. "ते कळसाडीनं. मी जपी ठेयेल."

"चाकूमाच खोट व्हती, माय. मन्ही खोट. ज्यामा परत घालता येस असा कप्पा मीच घडेल व्हता."

ती हुंदके देऊन रडली आणि चाकू दूर सारला. सुपडूनं तो उचलून पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला. "नाळ बी तं तुटसच ना, माय. ती तुटस तवयच पोर मोकळं व्हस."

तिनं तो कमरेला बांधला. गावोगाव तो कट् वाजायला लागला. बायका कुरकुरल्या, म्हाताऱ्या माणसांनी नाकं मुरडली, पण जसोदाबाई आता कुणाचं ऐकेना. आणि महाराष्ट्र झाला त्या साली कौसाबाईला पुन्हा दिवस गेले.

मुलगी झाली. आतून रडणं आलं, आणि मागोमाग कट्. सुपडूनं बाहेर डोळे मिटून घेतले. पाचवीला जसोदाबाई सूप घेऊन आली तेव्हा कौसाबाईनं तिला दारातच थांबवलं. "पाचवी पुजसु नही. तीनदाव पुजी, तीनदाव लई गयी. आते पोर जगी तवय देखसु." असं बोलणं गावात कुणी ऐकलं नव्हतं. जसोदाबाई सूप घेऊन परत गेली. मग ते दिवस सुरू झाले. सुपडूनं भट्टी पेटवली नाही. तो दारात बसून असायचा आणि आतून रडणं आलं की श्वास सोडायचा. रडणं थांबलं की उठून उभा राहायचा.

पाळण्याचा दिवस उजाडला आणि पोर पाळण्यात होतं. बायका जमल्या. कुणी म्हणालं, सुपात ओढा, धुडकी नाव ठेवा. कौसाबाई म्हणाली, "नही. चांगलं नाव ठेवसु. मंगला." मग तिनंच जसोदाबाईला म्हटलं, आता मांड तुझी पूजा.

मंगलाची नाळ कापून मोडलेल्या पात्याचे दोन तुकडे सुपडूनं डबीत ठेवले होते, ते त्यानं आणून दिले. मोडकी वस्तू पूजत नाहीत, हे गावाला शिकवलं होतं ते या म्हातारीनंच. तिनं तुकडे ताटात ठेवले, शेजारी शेजारी, आणि त्यांना कुंकू लावलं. मग ताट उचलून बाहेर नेलं आणि तुकडे मातीत खोल पुरून आली.

ती हात धुऊन आत आली तेव्हा कौसाबाई नवऱ्याकडे बघत होती. "मागला बारले हाऊ चाकू कसाले नही घडा?" तिनं विचारलं.

जसोदाबाई पुढे आली. "कौसा, मी..."

"मन्ही अक्कल पोचनी नही," सुपडू मध्येच म्हणाला. "मीच चुकनू."

कौसाबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग म्हातारीच्या चेहऱ्याकडे. तिला काय कळलं नि काय नाही, हे पुढे कधी कुणी विचारलं नाही. तिनं पाळण्यातून लेकीला उचललं आणि जसोदाबाईच्या मांडीवर दिलं.

म्हातारीनं धुतलेलं बोट मंगलाच्या ओठांत घातलं, आणि पोर ते चुटूचुटू चोखू लागलं. आणि मग ती सुपडूकडे बघून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

"ओढी ऱ्हायनी, भाऊ," ती म्हणाली. "जोरमा ओढी ऱ्हायनी."